आज कुणाचा गुडघा आला?

आई,

आज सकाळी पुन्हा कामाला बसले. लॅपटॉप उघडला आणि पहिलाच कागद कसला निघावा? गुडघ्याचा! तिकडची कुणीतरी एकोणसत्तर वर्षांची बाई. उजवा गुडघा, जुनं दुखणं, जिना उतरताना जास्त. वाचता वाचता मनात आलं, चला, संध्याकाळी आईंना सांगायला झालं. आणि मग आठवलं.

रोज संध्याकाळी मळ्यातून तुमचा फोन यायचा. जेवलीस का, संजय आला का, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न ठरलेला, "काय गं वैशाली, आज कुणाचा गुडघा आला?"

लग्न होऊन आले तेव्हा माझं काम तुम्हाला समजावताना माझ्या नाकी नऊ आले होते. अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कागद इथे इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये बसून वाचायचे, डॉक्टरने जे दुखणं लिहिलंय त्याला ठरलेला कोड लावायचा, आणि त्या कोडवर तिकडची विमा कंपनी पैसे देणार. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हंजी दुखतंय तिला, पैसं देणार तो, आन् मधी तू." मी म्हटलं, अगदी तसंच. त्यात माझ्या वाट्याला हाडांचा विभाग, म्हणजे दिवसभर गुडघेच गुडघे. उजव्याचा कोड वेगळा, डाव्याचा वेगळा, आणि डॉक्टरने कुठला ते लिहिलंच नसेल तर त्याचा आणखी तिसरा. त्यावर तुम्ही पदर तोंडाला लावून हसला होतात. "कोणता पाय ते बी लिहित नाय? मग कापतो कोणता?"

नाव-गाव सांगायची आम्हाला परवानगी नसते, ते मी कधी सांगितलंही नाही. वय आणि पाय, बस. "बहात्तर, डावा," मी म्हणायचे. "उजवा बी निघल बघ वरीसभरात," तुमचा अंदाज तयार. एकदा तुम्हाला खरंच प्रश्न पडला होता. "त्या बाया खाली बसून फुलं तोडत नाय, चुलीपुढं बसत नाय, संडासाला बी खुर्चीवर. मग त्यांचं गुडघं कशानं गेलं गं?" मी वजनाबिजनाचं काहीतरी सांगितलं. "असू दे," तुम्ही म्हणालात, "मपल्या एकटीचंच नाय ना गेलं."

त्यापलीकडे तुमचे गुडघे मात्र आपण कधी त्या गप्पांत आणले नाहीत. ते गेले होतेच. मामंजी गेल्यावर मखमलाबादकडचा तो मळा तुम्ही एकटीने धरून ठेवलात, पेठकडच्या दोन बायांना सोबत घेऊन. शेवंती, झेंडू, मधल्या दिवसांत मेथी-कोथिंबीर. आमच्या लग्नात मांडवात तुम्ही खुर्ची मागितलीत तेव्हा माझ्या चांदवडच्या आत्या कुजबुजल्या होत्या, विहीणबाईंचा तोरा बघा! तोरा कसला, तुम्हाला खाली बसवत नव्हतं. आणि मला तर ते पहिल्या आठवड्यातच दिसलं होतं. सकाळी उठताना आधी पलंगाची कड धरायची, मग भिंत, मग कमरेच्या पिशवीतून तंबाखूच्या डबीशेजारची पांढरी गोळी काढून चहाच्या पहिल्या घोटाबरोबर टाकायची. गावातल्या मेडिकलवाल्याकडून पट्टीच्या पट्टी यायची. "ही टाकली की इंजन सुरू," तुम्ही म्हणायचात. मी हसायचे.

आई, मी हसायचे. माझ्या धंद्यात त्या गोळीला स्वतंत्र कोड आहे. गुडघ्याचा गुडघ्याला, आणि दुखणं मारायच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर त्याचा निराळा, कारण त्या गोळ्या पोटाला आणि किडनीला काय करतात ते पुढच्या डॉक्टरला कळायला हवं. तिकडच्या परक्या बायांसाठी तो कोड मी रोज लावते. राहून गेला तर तपासणीत माझी चूक धरतात. आणि घरात, समोर चहा पिणाऱ्या बाईच्या बाबतीत, तो मला एकदाही सुचला नाही. सुचला असता तरी मी गप्प बसले असते, हे जास्त खरं आहे. त्याचं कारण आता सांगते.

तीन वर्षांपूर्वी संजयने तुमची मेडिक्लेम काढली तेव्हा सगळी माहिती मीच भरली होती. आधीपासून काही दुखणं आहे का, या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिलं. सगळेच लिहितात, आई. सोसायटीत कुणालाही विचारा. मला ते खोटं वाटलंसुद्धा नाही. चपला बाहेर काढून आत जावं इतकं सवयीचं. मग या श्रावणात तुम्ही न्हाणीत बसलात त्या उठलाच नाहीत, बायांनी दोघींनी धरून उठवलं, आणि संजय म्हणाला, बास, आता गुडघ्याच्या वाट्या बदलूनच घ्यायच्या. तेव्हा माझं डोकं भराभर चालायला लागलं. डॉक्टर विचारणार, कधीपासून दुखतंय? तुम्ही सांगणार, बारा वर्षं. तो लिहिणार, बारा वर्षं. आणि विमावाला तेवढंच वाचून फाईल बाजूला टाकणार. कागद कसे वाचतात ते माझ्याएवढं कुणाला माहीत? मी हुशार ना!

म्हणून डॉक्टरकडे जायच्या आदल्या दिवशी मळ्यात आले. तुम्ही शेवंतीच्या सरीत पाट टाकून बसला होतात. मी पढवायला सुरुवात केली. आई, डॉक्टरांना सांगायचं, मागच्या दसऱ्यापासून दुखतंय. मळ्यातल्या पाण्याच्या चारीत पाय घसरला, तेव्हापासून. त्याआधी काही नव्हतं. तुम्ही हातातलं फूल तसंच धरून माझ्याकडे बघितलंत.

"पॉलिसीवाल्याला काय सांगायचं ते तू सांग. पण डाक्टर मपल्या पायाला हात लावणार, त्याला कसं खोटं सांगू गं?"

"त्या डॉक्टरचाच कागद पॉलिसीवाला वाचतो, आई."

"मग डाक्टरनं औषीद कशावरनं द्यायचं?"

आणि मी काय म्हणाले? "तुम्हाला नाही कळायचं त्यातलं." असंच म्हणाले. तुम्ही मान खाली घातलीत आणि पुढची ओळ तोडायला लागलात. ते भांडण तिथेच अर्धं राहिलं. मी दहा वर्षांची अनुभवी बाई, कोडरने आपल्या मनचं एक अक्षर घालायचं नाही, शंका आली तर डॉक्टरला विचारणा पाठवायची, हे मी नव्या मुलींना शिकवते. कुणीतरी त्या सरीत बसून मला एक विचारणा पाठवली होती, आणि मी ती अशी उडवून लावली.

पण तुम्हीही काय कमी! दुसऱ्या दिवशी गाडीत तालीम करताना तुम्ही रंगात आलात. चारीत पाय घसरला, एवढं पुरे होतं, तर तुम्ही मागे गाय लावलीत. "तांबडी गाय मागं लागली, मंग मी पळाले, मंग घसरले." मी म्हटलं, आई, गाय कशाला? "नुसतं घसरलं म्हटलं तर खरं वाटत नाय. बाजारात बी वर चार ताजी फुलं ठेवावी लागतात." संजय गाडी चालवताना इतका हसला की सिग्नलला मागचे हॉर्न वाजवायला लागले. मीही हसले. आणि त्याच हसण्यात मी शेवटचं बोलले, "आणि त्या पांढऱ्या गोळ्यांचं अजिबात काढू नका हं. त्या सांगितल्या की सगळं उघडं पडेल." संजय तेव्हा पार्किंगवाल्यासाठी सुटे शोधत होता. त्याने ते ऐकलं नाही.

तुम्ही डॉक्टरपुढे गाय अशी काय उभी केलीत! तो बिचारा गालातल्या गालात हसला, एक्स-रे बघून म्हणाला, "आजी, वर्षभराच्या मानाने झीज फारच आहे." तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी पर्समधून आधारकार्ड काढत बसले. गोळ्या चालू आहेत का काही, त्याने विचारलं. तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "नाय. लेप लावते." ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं, कारण दसऱ्याचा झेंडू सोडून तुम्ही दवाखान्यात पडणं शक्यच नव्हतं. तोवर दसरा निभावा म्हणून त्याने एक चांगली जबरदस्त गोळी लिहून दिली. रोज दोन वेळा, काही आठवडे. ज्या बाईने कधी गोळीच घेतलेली नाही तिला ती द्यायला काय हरकत?

त्या गोळ्या तुम्ही घेतल्यात. आणि पांढऱ्याही घेतल्यात. माझ्या हे ध्यानीमनी नव्हतं. तुमच्या हिशोबाने त्या दोन वेगळ्या वस्तू होत्या. एक डॉक्टरची, एक आपली. आपलीचं नाव काढायचं नाही असं मीच बजावलेलं. मग ती बंद करा म्हणून तुम्हाला सांगणार कोण?

यंदा दसऱ्याला तुम्ही तरुणीसारख्या फिरलात. बाया सांगत होत्या, आजी सगळ्यांच्या आधी सरीत. फोनवर तुमचा आवाज कसा खणखणीत! "अगं, काय गोळी दिली त्या डाक्टरनं, लय भारी! उगाच कापायला निघालो आपण." पोटात आग पडते असंही एकदा म्हणाला होतात. मी म्हटलं, दसऱ्याचं तिखट-तेलकट झालं असेल, ताक घ्या. शी काळी होत होती ते तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत. बायकांनी असलं कधी सांगितलंय?

दसरा झाला, आणि त्याच आठवड्यात सकाळी मळ्यातून फोन आला. तुमचा नव्हता. बाई रडत होती, आजीला रक्ताची उलटी झाली. संजय आणि मी पोहोचलो तेव्हा तुम्ही ओट्यावर भिंतीला टेकून बसला होतात, तोंड पांढरंफटक, आणि चिंता कशाची, तर लुगडं खराब झाल्याची.

दवाखान्यात संजयला कागदांसाठी खिडकीवर धाडलं. आत तुम्ही, मी, आणि एक तरुण डॉक्टरीण. ती घाईत होती पण बोलायला गोड. "आजी, दुखण्याच्या गोळ्या घेता का? कधीपासून?" तुम्ही डोळे उघडलेत. तिच्याकडे नाही बघितलंत, माझ्याकडे बघितलंत. आणि तेवढ्या आवाजात, थांबत थांबत सगळं म्हणून दाखवलंत. मागल्या दसऱ्यापासून. चारीत पाय घसरला. डाक्टरनं दिल्या त्याच गोळ्या, दुसऱ्या नाय. गाय मात्र सोडलीत. तिच्यासाठी दम उरला नव्हता.

डॉक्टरीण लिहायला वळली, तसा तुम्ही माझा हात धरलात. तुमचे हात कायम झेंडूच्या रसाने खरखरीत, त्या दिवशी मात्र ते ओले आणि गार होते. हळूच विचारलंत, "बरोबर बोलले ना गं मी?"

मी म्हटलं, "हो आई. बरोबर."

डॉक्टरीण दोन हातांवर उभी होती. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, अहो, हे खोटं आहे, मी शिकवलंय, बारा वर्षं रोज गोळी खातात त्या. इतकंच. माझ्या तोंडून निघालं नाही. का निघालं नाही, आई? पैशाचा विचार होता का डोक्यात त्या घडीला? देवाशप्पथ नव्हता. मला वाटतं, तुम्ही इतक्या मनापासून माझा धडा म्हणून दाखवलात, त्यानंतर तो खोटा होता म्हणायची मला लाज वाटली. माझी लाज राखली मी. तुम्हाला तसंच आत नेलं.

संध्याकाळी मोठे डॉक्टर आयसीयूबाहेर आले तेव्हा त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. कधीपासून, कुठली गोळी, दिवसाला किती, सगळं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "सकाळी कळतं तरी उपचार बहुतेक हेच केले असते." मग म्हणाले, "श्रावणात कळायला हवं होतं. मग ती दुसरी गोळी कुणी दिलीच नसती." एवढं बोलून ते आत गेले. त्यांच्या लेखी ती साधी माहिती होती.

तुमच्या नाकातोंडात नळ्या होत्या. काचेतून बघत होते. मला तुम्हाला एकच सांगायचं होतं, आई, बरोबर नाही बोललात तुम्ही, पण चूक तुमची नाही. ते ऐकायला तुम्ही परत जाग्या झालाच नाहीत.

लोक आले, बसले, गेले. सगळ्यांनी एकच लावून धरलं, पोटातला अल्सर फुटला, वय झालंच होतं, सोन्यासारखं मरण आलं, दसरा करून गेली. मी चहा देत होते आणि मान हलवत होते. दहाव्याला तुमच्या त्या बायांपैकी एक झेंडूची पाटी घेऊन आली आणि पायरीवर बसून रडली. आजी मला लय जीव लावायची, म्हणाली. मला तिच्याजवळ बसवेना. तुम्हाला जीव लावायचा म्हणजे काय असतं, हे तिला जास्त कळत होतं असं मला वाटत राहिलं. तुम्ही मला जे दिलंत ते मी कधी मोजलंच नव्हतं. माहेरी जाताना चांदवडला न्यायच्या पिशवीत वर शेवंती ठेवायचात, "कांदेवाल्यांना जरा वास घेऊ दे" म्हणून. माझ्या नाइट शिफ्टच्या दिवसांत नातेवाईक बोलायला लागले तेव्हा तुम्हीच उभ्या राहिलात, "ती कागदं वाचते, तुम्हाला वाचता येतात का?" आणि या सगळ्याच्या बदल्यात एक गोष्ट तुम्ही मला मागितली होती. त्या सरीत. डॉक्टरशी खरं बोलू दे, एवढीच.

काल दुपारी विमा कंपनीचा माणूस घरी आला. दवाखान्याच्या बिलाच्या चौकशीला येतात तसा. वयाने लहानच, सभ्य, आल्या आल्या तुमच्या फोटोला हात जोडले. मग बसून विचारलं, "आजींना गुडघ्याचा त्रास कधीपासून होता?"

मी पाणी आणायला उठले होते. संजय माझ्याआधी बोलला. "मागच्या दसऱ्यापासून. चारीत पाय घसरला." मग त्याने बाहीने डोळे पुसले. "गाय मागे लागली होती."

आई, त्याला ते पाठ होतं. घरात सगळ्यांनाच पाठ झालं होतं. तुमचा मुलगा तुमच्यासाठी रडत होता आणि रडता रडता माझंच खोटं सांगत होता. त्या माणसाने पेन उघडलं. मला वाटलं, हे लिहिलं गेलं की संपलं, मग तुम्हाला खरंच मागच्या दसऱ्यापर्यंत काही दुखलंच नव्हतं असं होईल. ती बारा वर्षं, ते पलंगाची कड धरून उठणं, ती मांडवातली खुर्ची, काहीच झालेलं नसेल.

"नाही," मी म्हटलं. ग्लास हातातच होता. "बारा वर्षांपासून. गाय नव्हती. पाय घसरला नाही. पॉलिसीत मी खोटं लिहिलं. आणि गोळ्या रोज घ्यायच्या त्या, डॉक्टरांना सांगू नका म्हणून मी बजावलं होतं."

माणसाने पेन थांबवलं. "ताई, हे मी असंच लिहू ना? क्लेम बसणार नाही." मी म्हटलं, लिहा.

संजय माझ्याकडे बघत होता. गोळ्या लपवायला मी लावल्याचं त्याला तेव्हाच कळलं. उठून गॅलरीत गेला, आणि माणूस गेल्यावरही तिथेच उभा होता, पाठ करून. रात्री जेवला. आज सकाळी कामावर जाताना मळ्यात जाऊन येतो एवढंच म्हणाला. तो परत येऊन काय म्हणेल, मला माहीत नाही. तो काही म्हणाला तर ते ऐकून घ्यायचं, इतकं ठरवलंय.

तो एकोणसत्तर वर्षांच्या बाईचा कागद अजून समोर उघडा आहे. तिच्या डॉक्टरने सगळं लिहिलंय. कुठला पाय, किती वर्षं, कुठल्या गोळ्या. तिच्याबरोबर आलेल्या कुणीतरी तिला खरं बोलू दिलं असणार. मी दोन्ही कोड लावले, गुडघ्याचा आणि गोळ्यांचा. मग फोन उलटा करून ठेवला, संध्याकाळ होत आली होती म्हणून.

तुमच्यासारखंच मलाही कुणाचा तरी हात धरून विचारावंसं वाटतंय, आणि विचारायला तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही.

काल बरोबर बोलले ना मी, आई?